तीस किलो

अनुराधाने बॅग उराशी कवटाळली आणि ती वजनकाट्यावर चढली. बॅगेच्या आडून तिला आकडा काही दिसेना.

"ओवी, वाच गं जरा."

पाचवीची परीक्षा संपवून सोफ्यावर लोळत पडलेली ओवी खाली वाकली. "सेव्हन्टी वन पॉइंट सिक्स."

त्यातून अनुराधाचे स्वतःचे चौसष्ट गेले. राहिले सात किलो सहाशे. तिकीट सात किलोचे, म्हणजे विमानात हातात नेता येईल तेवढ्याच बॅगेचे. तिने मेतकुटाची बरणी काढली, ओवीची जाड पँट काढून "ही अंगावरच घालून जायची" असे बजावले आणि परत काट्यावर चढली.

दोन महिने ती या सहलीच्या मागे लागली होती. जॉर्जियातले गुदाउरी, बर्फाचा डोंगर, पाच रात्री. सौदीचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, हातात असला की जॉर्जियाला वेगळा व्हिसा लागत नाही, हे जुबैलमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. घोडे अडत होते ते हॉटेलापाशी. रोपवेच्या पायथ्याची हॉटेले बघून तिने लांबूनच हात जोडले. तिथल्या एका रात्रीच्या भाड्यात नाशिकला महिन्याचा किराणा आला असता. शेवटी दीड किलोमीटर खाली, गावात, एका बाईचे नऊ खोल्यांचे हॉटेल सापडले. नाश्ता भाड्यातच, खोलीत किटली, आणि सकाळी रोपवेपर्यंत सोडणारी गाडी फुकट. स्की आणि बूट भाड्याचे, तेही एकाच दिवसाचे आणि एकट्या ओवीसाठी. बाकी दिवस घसरगुंडी. दुधाची तहान ताकावर, पण तहान भागतेय ना, मग झाले! बुकिंग नॉन-रिफंडेबल, म्हणजे रद्द केले तर एक रियालही परत नाही असे, घेतले की भाडे आणखी वीस टक्क्यांनी उतरत होते. तिने तेच घेतले. रद्द करणार होते कोण? लग्नानंतर मनालीला जायचे ठरले होते, ते मनीषची सुट्टी संपली म्हणून राहिले. त्याला आता बारा वर्षे झाली होती.

मनीष शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने आला. दारातच बूट काढता काढता त्याने काट्याकडे पाहिले.

"ते ठेव खाली. तुमचं सामान वाढवून घेतलंय मी. तुझं तीस किलो, ओवीचं तीस."

अनुराधा काट्यावरून उतरायचीच विसरली. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही अशी या माणसाची ख्याती. चहाची एक पुडी दोनदा बुडवणारा आणि सहकाऱ्यांबरोबर जेवायला गेला तर उरलेले लिंबूसुद्धा बांधून आणणारा हा गृहस्थ सामानासाठी जास्तीचे पैसे मोजतो?

"अहो, पाच दिवसांना तीस किलो? वरात न्यायचीय का?"

"थंडी असते तिकडे. घे ना सगळं. सगळंच घे."

"आणि तुमचं?"

"माझं सातच. मला काय लागतंय?" तो हात धुवायला गेला आणि तिथूनच म्हणाला, "आणि हो, तुझी सर्टिफिकेटं, ओवीचा जन्मदाखला, सगळी ओरिजिनल बरोबर ठेव. इमिग्रेशनला मागतात."

तिच्या डोळ्यांत पाणी आले, वेडीच्या. माणूस उशिरा का होईना बदलतो, असे तिला वाटले. त्या दिवशी तिने त्याच्यासाठी मुद्दाम मटकीची उसळ केली. तोही नेहमीसारखा मिठावरून बोलला नाही, गुपचूप जेवला.

तसा तो जानेवारीपासूनच जरा मऊ झाला होता. जानेवारीत नाशिकला सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. पुण्याच्या दिराने देखभालीला ठेवलेल्या दोन बायका त्यांनी पंधरा दिवसांत पळवून लावल्या. मनीषने विषय काढला, तेव्हा अनुराधाने आयुष्यात पहिल्यांदा त्याला तोंडावर नाही म्हटले होते.

"मी जाणार नाही. तिसरी बाई ठेवा, चौथी ठेवा. माझ्या शिकवणीच्या पैशांतून देते मी तिचा पगार. पण मी त्या घरात परत पाऊल टाकणार नाही."

त्या घरात तिने दहा वर्षे काढली होती, नवरा जुबैलला आणि ती सासूच्या ताब्यात. गिझरचे बटण सासूबाईंच्या खोलीत, फ्रिजला कुलूप. ओवी पोटात असताना एकदा तिला भूक लागली म्हणून तिने दुपारी दोनदा पोळी खाल्ली, तर सासूबाईंनी शेजारणींना बोलावून परातीतल्या पोळ्या मोजून दाखवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी एकदाचा फॅमिली व्हिसा आला, तेव्हा तिने विमानतळावर मागे वळूनसुद्धा पाहिले नव्हते. जुबैलच्या दोन खोल्या, खारट दमट हवा, शिकवणीला येणारी बिल्डिंगमधली आठ मुले. स्वर्ग म्हणजे याहून वेगळा काय असतो?

मनीष तेव्हा "ठीक आहे" एवढेच म्हणाला होता, भांडण नाही की आदळआपट नाही. आणि आठवड्याने म्हणाला, "या वर्षी तुला बर्फ दाखवून टाकू."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी वरच्या मजल्यावरची सकिनाभाभी आली. ती दापोलीकडची. तिचा नवरा मुनाफ बाजारात तिकिटांचे ऑफिस चालवायचा आणि यांची तिकिटेही त्यानेच काढली होती. सकिनाच्या हातात एक गुबगुबीत जाकीट होते.

"आमच्या पोरीचं, अदिबाचं आहे गो. तिला तोकडं झालं. ओवीला होईल."

ओवीने ते तिथेच चढवले, टोपी डोक्यावर ओढली आणि आतल्या खोलीत आरशासमोर धावली.

"आल्यावर धुऊन देते हां, भाभी."

"परत कशाला? राहू दे तिला." सकिना खुर्चीच्या कडेवर टेकली, पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. अनुराधाने सरबत केले, ते तिने अर्धेच प्यायले. मग एकदम उठून तिने अनुराधाला मिठीच मारली.

"अगं भाभी, पाच दिवसांसाठी एवढं काय? चार तारखेला परत तुमच्या डोक्यावर मिरे वाटायला हजर."

"सुखरूप जा, बाय माझे. सासूला सलाम सांग माझा."

"सासूला?" अनुराधा हसली. "त्या कुठे गुदाउरीला भेटणार मला?"

सकिनाचे हात गळ्यातून सुटले. ती अनुराधाच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"भाभी?"

"तुला ठाऊक नाय?"

"काय ठाऊक नाही?"

"या अल्ला." सकिना परत खुर्चीवर बसली. "मनीषभाई म्हणाले, अनुराधाला सगळं ठाऊक आहे, पण तिच्यापाशी विषय काढू नका, तिला रडू येतं. म्हणून मी आठ दिवस गप्प बसले गो. तुझं आणि ओवीचं येतानाचं तिकीट इथलं, दम्मामचं नाय. तिथून थेट मुंबईचं आहे. दम्मामला परत एकटे मनीषभाई येणार."

अनुराधा आतल्या खोलीत गेली, भरून ठेवलेल्या बॅगेची चेन उघडली आणि कागदांची फाइल बाहेर काढली. बी.एड.चे सर्टिफिकेट. ओवीचा जन्मदाखला. लसीकरणाचे कार्ड. एक एक कागद तिने स्वतःच्या हाताने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला होता, ओल लागू नये म्हणून. सहावीची पुस्तके घ्यायची राहिली होती, तेव्हा "आल्यावर बघू" असे तो म्हणाला होता, तेही आता तिला आठवले. केसाने गळा कापतात म्हणतात, तो असा. आणि गळा कापायची वेळ, जागा, स्वस्तातले हॉटेल, सगळे तिनेच शोधून दिले होते.

सकिना कधी गेली ते तिला कळले नाही. आरशासमोर ओवी अजून जाकिटातच उभी होती, एसी लावलेला असूनही घामाघूम.

"ओवी, आपण सहलीनंतर कुठे जाणार आहोत गं?"

ओवीने आरशातूनच आईकडे पाहिले. दहा वर्षांच्या पोरीला खोटे बोलता येते, पण चेहरा लपवता येत नाही.

"सकिना आंटीने बता दिया?" ती म्हणाली.

"तुला कधीपासून माहितीय?"

"फेब्रुवारी से. पप्पांनी स्कूल में टीसी मागितला ना, तेव्हा. पप्पा सेड, तुला कळलं तर तू रडशील, मग ट्रिप कॅन्सल. सांगितलं नाही तर स्नो." आणि आईचा चेहरा बघून तिने घाईने पुस्ती जोडली, "मैंने किसीको नहीं बताया. रिद्धी को भी नहीं. प्रॉमिस."

महिनाभर ही पोर तिच्या कुशीत झोपत होती. रोज विचारत होती, मम्मा, बर्फ खाता येतो का? आणि आई हौसेने सांगत होती.

मनीष संध्याकाळी आला. अनुराधा जमिनीवर दोन उघड्या बॅगांच्या मध्ये बसली होती. त्याने एकदा फाइलकडे पाहिले, एकदा तिच्याकडे, आणि शांतपणे पायांतले मोजे काढले.

"कोण बोललं? मुनाफची बायको?"

"तुम्ही मला विचारलं का नाही?"

"विचारलं होतं. नाही म्हणालीस." तो पलंगावर बसला. आवाज जराही चढला नव्हता. "आई एकटी आहे. माझी आई आहे ती. तुला राहवलं असतं का गं, तुझी आई अशी पडली असती तर? आणि मी काही तुला फसवलेलं नाही. एक्झिट रीएन्ट्री काढलंय रीतसर, जाऊन परत यायचा व्हिसा. दोन महिन्यांत केव्हाही परत येऊ शकतेस."

"दोन महिन्यांत आईंचं हाड जुळेल?"

"बघू."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर बघू म्हटलं ना." त्याने फोन उशाशी ठेवला. "तुझा इकामा या फोनमध्ये आहे, अनुराधा. माझ्या नावावर. मी ठरवलं तर तू इथे, नाही तर नाही. ते चांगलं वाटत नाही म्हणून मी बोलत नव्हतो. उलट म्हटलं, जाताजाता तुझी बर्फाची हौस तरी होऊ दे. दुसऱ्या कुणी सरळ मुंबईच्या विमानात बसवलं असतं."

त्याला खरेच वाटत होते की आपण फार चांगले वागलो.

"आता नाटकं नको," तो म्हणाला. "पहाटे तीनला टॅक्सी आहे. आणि विसरू नकोस, हॉटेल तूच नॉन-रिफंडेबल घेतलंयस."

ती उठली. स्वयंपाकघरात गेली आणि मिक्सर घेऊन आली. मग कुकर आणला, पोळपाट आणला. बॅगेतले लोकरी मोजे, कानटोप्या, दोन महिने सेलमध्ये शोधून घेतलेले स्वेटर तिने एकेक करून बाहेर काढले आणि पलंगावर त्याच्या शेजारी रचले. रिकाम्या जागी मिक्सर बसवला.

"मनीष," ती म्हणाली. बारा वर्षांत तिने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. "मुनाफभाईंना फोन लाव. आमचं थेट मुंबईचं काढ. उद्याचं."

"काय?"

"तुला मी नाशिकला पाहिजे ना? जाते."

"अगं, पण गुदाउरी? वेडी झालीस का? हॉटेलचे पैसे? विमानाचे? चारपाच हजार रियाल पाण्यात जातील!" आता कुठे त्याचा आवाज चढला.

"नॉन-रिफंडेबल आहेत," ती म्हणाली.

दारात ओवी उभी होती. अंगात अदिबाचे जाकीट, हातांत नवे हातमोजे. तिने पलंगावरचा स्वेटरांचा ढीग पाहिला आणि तिला सगळे समजले.

"नो! मम्मा, नो! पप्पा, टेल हर!"

मनीष म्हणाला, "बघ, पोरीकडे तरी बघ."

अनुराधाने बघितले नाही. बघितले असते तर ती विरघळली असती, आणि हे तिला पक्के माहीत होते. तिला मनीषचे काही वाकडे करता येत नव्हते. जे एक तिच्या हातात होते, ते तिने मोडले, आणि ते पोरीचे होते हे ठाऊक असून मोडले.

"मम्मा, पण मी कुणालाच सांगितलं नव्हतं!" ओवी हुंदके देत म्हणाली. "पप्पा बोले थे, सांगितलं नाही तर स्नो! आय डिडन्ट टेल! तुलापण नाही!"

"हो ना," अनुराधा म्हणाली. "मलापण नाही."

तिने चेन लावली, दोन्ही हातांनी बॅग कशीबशी उचलली, छातीशी घट्ट धरली आणि काट्यावर चढली. पुढचे काही दिसत नव्हते.

"ओवी, वाच."

ओवी जागची हलली नाही.

"वाच म्हणते ना."

ओवीने हातमोज्याने नाक पुसले आणि ती खाली वाकली.

"नाइन्टी फोर," ती म्हणाली.

त्यातून चौसष्ट गेले. अनुराधाने बॅग खाली ठेवली आणि ओवीची बॅग उचलायला वाकली.