खिडकीत फोन, कोनाड्यात मी

आवाज जरा घरघरला तर सांभाळून घ्या. मी देवसिंगच्या घरातला स्टिरिओ अँप्लिफायर बोलतोय. दोन स्पीकर, आवाजाचं एक मोठं गोल बटण आणि मागं वायरींचा गुंता, एवढाच माझा संसार.

माझी जुळणी फुलसावंगीतल्या एका दुकानात झाली. देवसिंगनं मला मांडीवर घेऊन त्याच्या बंजारा तांड्यावर आणलं आणि कोनाड्यात बसवलं. होळीला, लग्नांना सगळा तांडा माझ्यासमोर नाचला. पुढं कॅसेटी मिळेनात, मला जोडलेला टेप बिघडला, आणि माझ्या डोक्यावर पिठाचा डबा आला. माणसं जुनी वस्तू लगेच टाकत नाहीत, तिच्यावर दुसरी ठेवतात.

दोन हजार सतरा साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली आणि अळीही तशीच पडली. जो तो पाठीवर पंप घेऊन फवारत होता. एका दुपारी फवारणीचं विष भिनलेल्या देवसिंगला दोघांनी धरून घरी आणलं आणि तसंच यवतमाळला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण परतला तो डोळ्यांपुढं धुकं घेऊन. उजेड सोसेना. त्याच्या बायकोनं, जमनीनं, खिडकीला गोधडी लावली. तो दिवसभर खाटेवर पडून राही. पाणी मागण्यापुरतंच बोले.

त्यांची मुलगी शीला फुलसावंगीला शिवणकाम शिकवायला जायची. तिनं एके सकाळी माझ्यावरचा डबा उचलला आणि आईला हाक मारली.

"याडी, हे चालू होते का पाहू. आपल्या बाले गाण्याचा लय नाद होता."

"ते खटारं कायले?" जमनी म्हणाली. "दे भंगारात. मोबाईलवर चालते तो नवा स्पीकर घे."



शीलानं दुरुस्तीवाल्या तनवीरला बोलावलं. त्यानं मला उघडलं, धूळ झाडली. "ताई, मशीन चांगली हाय. फोन जोडून देतो. नेटवरचे गाणे वाजतीन."

आधी त्यानं वायरीनं फोन जोडला. पण कोनाड्यात नेटवर्क येईना. गाणं दोन शब्द म्हणून अडकायचं. मग माझ्या मागं ब्लूटूथची एक छोटी डबी लावली आणि शीलाचा फोन नेटवर्क येई तिथं ठेवून बिनवायरीचा जोडला. गाणं सुरळीत सुरू झालं. देवसिंगचा चेहरा सैल होतोय तोच शीलाला कुणाचा तरी फोन आला, आणि ती रिंग माझ्या दोन्ही स्पीकरांतून कडाडली. देवसिंग दचकला, खाटेवरून खाली आला. खोकल्यानं त्याचा श्वास कोंडला. जमनीनं धावत जाऊन माझा प्लग उपसला.

"बंद करा हे! जीव जाईन ना त्याचा!"

संपलं आपलं, असं मला वाटलं.

खोकला थांबल्यावर देवसिंग जमिनीवर बसूनच बोलला. दवाखान्यातून आल्यापासून इतकं तो पहिल्यांदाच बोलत होता.

"फोनची काच मले दिसत नाही. शीला कामाले गेली का तिचा फोनही जाते. मंग मी कोनाले म्हनू, गाणं लाव म्हून? माह्या हातानं लागत असन तर ठेवा. नाही तर काढून न्या."

दुसऱ्या दिवशी तनवीर पुन्हा आला. शीलाचा जुना फोन त्यानं खिडकीत, गोधडीमागं ठेवला. तिथं नेटवर्क धरत होतं. त्यात नवं सिम घातलं. नंबर कुणालाच द्यायचा नाही, म्हणजे रिंग वाजायची नाही. माझ्या मागची ब्लूटूथची डबी लांब वायरीनं समोर आणून चिकटवली. तिच्यावर उठावाचं एक बटण होतं.

"भाऊ, इथं बोट ठेवा. दाबलं का सुरू, परत दाबलं का बंद."

देवसिंगनं दाबलं. काहीच नाही. नुसती विजेची गुणगुण. वाज रे बाबा, मी स्वतःलाच विनवत होतो. मग सारंगी आली, पाठोपाठ गळा. देवसिंगनं बंद केलं. पुन्हा लावलं. पुन्हा बंद, पुन्हा सुरू.

जमनी पिठाच्या हातांनी दारात आली. "कोनं लावलं?"

"म्या."

ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

डोळे हळूहळू सुधारतील असं डॉक्टर म्हणतात. सुधारणार नाहीत, असंही एक जण म्हणाला. कधी नेट जातं, तेव्हा तो दाबत राहतो, आणि चूक आपल्याच बोटाची आहे असं त्याला वाटेल या भीतीनं मी घाबराघुबरा होतो.

परवा शीला म्हणत होती, घराला रंग द्यायचा, सामान दुसऱ्या भिंतीला लावायचं. द्या रंग. माझे गंजलेले कोपरेही घासा. पण मला हलवू नका. तो भिंत चाचपत येतो, आणि त्याचा हात जिथं थांबतो तिथं मी असायला हवा.