इनासच्या दाराचा अडसर

मित्रांनो, आमच्या घरी नवा पाहुणा आला की दारामागे पाहून विचारतो, "हे लाकूड कसलं?" त्यात त्याची काही चूक नाही. मी एक जुना अडसर आहे, आणि अडसर आता दाराशी दिसत नाही, फक्त बोलण्यात उरला आहे. कुणाच्या कामात काही आडवे आले की लोक म्हणतात, मोठा अडसर आला. खरा अडसर मात्र माझ्यासारखा असतो. दार बंद केले की आतल्या बाजूने, दोन्हीकडच्या लोखंडी आकड्यांत आडवा बसवायचा जाडजूड दांडा. मी जागेवर असलो की बाहेरून कितीही रेटा द्या, दार हलत नाही.

माझा जन्म वसईचा. माणिकपूरच्या बाजारातून केळीच्या वाड्यांकडे एक गल्ली जाते. तिथे इनास नावाचा बागायतदार राहत असे. साठ वर्षे तरी झाली असतील त्या गोष्टीला. शेजारच्या घरातून एका रात्रीत तांब्याची सगळी भांडी गेली. न्हाणीघरातला बंबसुद्धा चोरांनी सोडला नाही. दुसऱ्या दिवशी इनासने धर्मा सुताराला बोलावले आणि ऐनाचे एक सरळ लाकूड त्याच्यापुढे टाकले. धर्माने मला तासले, रंधा मारला, टोके गोल केली. हात चालू असताना तो बोलत होता. पूर्वी म्हणे दाराला सुंभाचा फास पुरायचा, तोही कुत्री आत येऊ नयेत म्हणून. आता काळ वाईट आला आहे, माणसाचा भरवसा राहिला नाही. जगात येऊन मी ऐकलेले हे पहिले बोलणे. मला वाटले, काय नशीब आपले, नेमके वाईट काळात जन्मलो!

कामाला मात्र मी चोख होतो. संध्याकाळची प्रार्थना झाली, जेवणे उरकली, की इनास मला उचलून आकड्यांत बसवी आणि एकदा हाताने दाबून पाही. मग घर निजायचे. इनासला दोन मुले होती, थोरली फ्लॉसी आणि तिच्याहून आठ वर्षांनी लहान ऑस्कर. ऑस्कर तर जेवता जेवताच पेंगायचा. फ्लॉसी त्याला उचलून अंथरुणावर नेऊन टाकी.

त्या काळात गल्लीत काय काय झाले ते मी दाराशी उभा राहून ऐकत आलो आहे. वाडीतले केळीचे तयार घड रातोरात कापून नेले जात. नाताळ जवळ आला की खुराड्यातल्या कोंबड्या नाहीशा होत. जत्रेत एका बाईच्या गळ्यातली साखळी गेली, ते तिने सासूच्या भीतीने कितीतरी दिवस सांगितलेच नाही. चार घरे सोडून एक माणूस दारू पिऊन बायकोला मारी. तिचे रडणे सगळ्या गल्लीला ऐकू येई आणि सगळी गल्ली म्हणे, ती त्यांच्या घरातली गोष्ट. पोलिसांकडे कुणी जात नसे. एक तर दिवसाची मजुरी बुडणार, वर चारचौघांत नाव निघणार. त्यामुळे यातले काहीच कुठे लिहिले गेले नाही. माणसे हळहळली आणि कामाला लागली.

मित्रांनो, माझ्या डाव्या टोकाजवळ एक खोल खाच आहे. ती कशी पडली ते मी योग्य वेळी सांगेन, कारण या घरातही ती गोष्ट फार उशिरा सांगितली गेली.

फ्लॉसी मोठी झाली. अक्षर सुंदर, आवाज स्वच्छ. शाळेतल्या बाईंनी सुचवले म्हणून तिने टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी परीक्षा दिली आणि तिची निवड झाली. त्या दिवशी ती नाचतच घरात आली होती. पण कामाची पाळी कधी सकाळची, कधी संध्याकाळची. इनास वाईट माणूस नव्हता. मुलीवर त्याचा जीव होता. तो माझ्यावर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "पोरी, काळ वाईट आलाय. दिवे लागायच्या आत घरात असलेलं बरं." एवढेच. फ्लॉसीने वाद घातला नाही. परसात जाऊन तिने उन्हात वाळत घातलेली केळी, म्हणजे आमची सुकेळी, उलटी केली आणि मग बराच वेळ तिथेच बसून राहिली.

पुढे फ्लॉसीने लग्न केले नाही. तिने शिवणाचा वर्ग चालवला, आईवडिलांची सेवा केली, ऑस्करचा संसार उभा राहिलेला पाहिला. घर सांभाळणे तिच्याकडे आले. ती दुःखी होती असे मी म्हणणार नाही. तिच्या हातची सुकेळी घ्यायला माणसे लांबून येत, आणि शिवता शिवता ती गात असे.

नंतर माझेच दिवस फिरले. ऑस्करने घर नीट केले, नवे दार बसवले, त्याला लॅच आले, बाहेर लोखंडी जाळीचे दुसरे दार आले. मला वाडीत नेऊन घडाने वाकलेल्या केळीला टेका म्हणून लावले. दोन पावसाळे मी चिखलात काढले. पायथ्याला वाळवी लागू लागली होती. एकदा फ्लॉसीची नजर पडली. तिने मला उपटून आणले, घासूनपुसून ऊन दाखवले, तेलाचा हात फिरवला आणि दारामागच्या कोपऱ्यात उभे केले. ऑस्कर हसला. आता याचा काय उपयोग, असे त्याने विचारले. फ्लॉसी म्हणाली, उपयोग संपला म्हणून कुणी घरच्यांना वाडीत ठेवत नाही.

आता अलीकडची गोष्ट ऐका. ऑस्कर आणि सुझानची मुलगी ब्रिटनी एक्स-रे काढायचे शिक्षण घेऊन तयार झाली. गोखिवऱ्याच्या एका दवाखान्यात तिला नोकरी मिळाली. काम दुपारी सुरू होऊन रात्री नऊला सुटणार. स्कूटरने घर फार लांब नाही. पण ऑस्कर नाही म्हणाला.

त्याचीही बाजू ऐकून घ्या. सकाळी डोळे उघडले की तो आधी मोबाइल पाहतो. गावाच्या ग्रुपवर रोज काही ना काही आलेले असते. कुठे घरफोडी, कुठे साखळी ओढून पळालेले मोटरसायकलवाले. त्यातले अर्धे प्रकार भलत्याच शहरातले, काही तर कितीतरी वर्षांपूर्वीचे, पण फोनवर सगळे कालच झाल्यासारखे दिसते. त्यातच शेजारच्या व्हिव्हियनला कुणीतरी फोनवर गोड बोलून फसवले होते, आणि ते मात्र अगदी खरे होते. ऑस्कर हादरून गेला होता.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे घरी आले. जेवणे झाली आणि विषय निघाला. ब्रिटनीने शांतपणे समजावून पाहिले. सोमवारपर्यंत होकार कळवला नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती. ऑस्कर ऐकेना. तो आपल्या लहानपणावर आला. तेव्हा कसे सगळे बिनघोर होते, दारे सताड उघडी असत, चोरी हा शब्द गल्लीत कुणाला ठाऊक नव्हता. आमच्या घरी तर दार जोरात वाजल्याची एकच गोष्ट घडली, असे म्हणून त्याने आपली आवडती गोष्ट सुरू केली. तो पाच वर्षांचा असताना एका पावसाळी रात्री कुणाची तरी म्हैस सुटली आणि दारावर येऊन धडकली. सकाळी दाराची एक फळी फुटलेली होती. ही गोष्ट त्याने प्रत्येक लग्नात सांगितलेली आहे आणि प्रत्येक वेळी लोक हसलेले आहेत.

या वेळी कुणी हसले नाही. फ्लॉसी टेबलावरची ताटे उचलत होती. ती खाली ठेवून ती म्हणाली, "ऑस्कर, ती म्हैस नव्हती."



मग फ्लॉसीने सांगितले. त्या रात्री तीन-चार माणसे दाराशी आली होती. त्यांच्याकडे लोखंडी पहार होती. ती त्यांनी फळीतून आत घातली आणि अडसर उचकटायला पाहिले. आई देवाचा धावा करत होती. बाबा अडसराला पाठ लावून उभे होते, आणि तेरा वर्षांची फ्लॉसी बाबांच्या शेजारी, पाठ लावूनच. बराच वेळ गेला. शेवटी कुत्री भुंकू लागली, पलीकडे कुणीतरी कंदील लावला, तेव्हा ती माणसे गेली. सकाळी ऑस्करने उठून विचारले, दार कुणी फोडले? इनासने क्षणभर विचार केला आणि सांगितले, म्हैस धडकली.

"तू घाबरशील म्हणून," फ्लॉसी म्हणाली. "मलाही शपथ घातली होती. बाबा गेले, आई गेली, तुझी गोष्ट मात्र इतकी रंगायची की मला मोडवेना."

ऑस्कर उठला आणि माझ्याकडे आला. त्याने मला उजेडात धरले आणि माझ्या डाव्या टोकाजवळच्या खाचेवरून अंगठा फिरवला. आजवर ती त्याच्या नजरेत कधी भरलीच नव्हती. मित्रांनो, ती खाच त्या रात्रीच्या पहारेची.

"तुझं लहानपण बिनघोर होतं, ते खरंच आहे," फ्लॉसी म्हणाली. "कारण तू झोपलेला असायचास. दार बाबा लावायचे."

मग तिने ब्रिटनीकडे पाहून आणखी थोडे सांगितले. चोऱ्या तेव्हा जास्त होत्या की आता, हे तिला छातीठोकपणे सांगता येणार नव्हते. तेव्हाच्या कुणी लिहूनच ठेवल्या नाहीत, तर ताडून पाहणार कशाशी? तेव्हा कुणी फोनवरून फसवत नव्हते, हेही खरे. पण काळ वाईट आलाय हे वाक्य बाबांनी तिला ऐकवले होते, बाबांना त्यांच्या बाबांनी ऐकवले असणार, आणि प्रत्येक वेळी घरात बसायची पाळी मुलीवरच आली. टेलिफोनच्या नोकरीचे ब्रिटनीला तोवर माहीतच नव्हते. तिने उठून आतेचा हात धरला. सुझानने डोळे पुसले. ऑस्कर मला पुन्हा कोपऱ्यात उभे करून वाडीत निघून गेला.

संध्याकाळी करवतीचा आवाज आला म्हणून सगळे बाहेर आले. वाडीच्या तोंडावरच्या फणसाच्या फांद्या गल्लीतल्या दिव्यावर इतक्या आल्या होत्या की दिवा लागूनही खाली काळोखच असे. फणस ऑस्करचाच. गल्लीतल्या अंधाराबद्दल तोच सगळ्यांत जास्त तक्रार करी. शिडीवर चढून त्याने एकेक फांदी उतरवली. दिवे लागले तेव्हा उजेड थेट चर्चच्या वळणापर्यंत गेला. शिडीवरूनच त्याने ब्रिटनीला विचारले, "स्कूटरचे ब्रेक दाखवून घेतलेस का?" ब्रिटनी समजली. तिने तिथूनच फोन लावला.

पहिला आठवडाभर ऑस्कर नऊ वाजल्यापासून वळणावर जाऊन उभा राही. दुसऱ्या आठवड्यात तो फाटकापर्यंतच गेला. आता तो खुर्चीत बसून बातम्या पाहतो, कान मात्र स्कूटरकडे असतात. एवढी काळजी बापाला शोभते, असे मला वाटते. व्हिव्हियनच्या प्रकरणाची तक्रार करायला तो स्वतः तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेला. पुढे काय होईल ते होईल, पण या वेळी निदान ती गोष्ट लिहिली तरी गेली.

आणि मग एक गंमत झाली. सुट्टीच्या दिवशी ब्रिटनीने फ्लॉसीला स्कूटरवर मागे बसवले आणि सूर्य मावळताना अर्नाळ्याला नेले. फ्लॉसीने समुद्र पुष्कळदा पाहिला होता, पण नेहमी दिवसाच. अंधार पडल्यावर तो कसा दिसतो ते तिला सत्तरीत कळले. होड्यांवरचे दिवे एकेक करून लागत गेले, असे ती नंतर सगळ्यांना सांगत होती.

त्या संध्याकाळी ऑस्कर आणि सुझान एका लग्नाला गेले होते. आते-भाची परत आल्या तेव्हा दाराला लॅच लागलेले. ब्रिटनीची किल्ली तिच्या कामाच्या पिशवीत, आणि पिशवी घरात. मी आत उभा राहून ऐकत होतो. दोघी पायरीवर बसल्या आणि हसू लागल्या. ऑस्कर आला तोवर त्या पुडीतले शेंगदाणे खात बसल्या होत्या, पायाला वाळू तशीच.

"फ्लॉसी, तुझी किल्ली कुठेय?" ऑस्करने विचारले.

"माझी?" फ्लॉसी म्हणाली. "मला कधी किल्ली होती?"

ऑस्कर दार उघडायचे विसरून तसाच उभा राहिला. घरात तीन किल्ल्या होत्या. चौथी करावी असे कुणाच्या मनातच आले नव्हते, कारण फ्लॉसी घरात असायचीच. मित्रांनो, माझे गुपित तेच आहे. किल्लीने दार बाहेरून लावून जाता येते. अडसर फक्त आतून लावता येतो. म्हणजे मी कामावर असायचा तर कुणाला तरी आत राहावेच लागते.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. घरात माझ्यासारखा जुना दांडा, जुनी कडी, जुनी खिट्टी सापडली तर चुलीत घालू नका. तिला तेलाचा हात लावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की ती कशासाठी केली होती. ते आधी म्हैस धडकल्याचीच गोष्ट सांगतील. पुन्हा विचारा. दार लावायला विसरू नका, फोनवर गोड बोलणाऱ्यापासून जपा, आणि आपल्या दाराआड भीतीपायी कुणी बसून राहिलेले नाही ना, तेही पाहा.

दुसऱ्या दिवशी ऑस्कर माणिकपूरला गेला आणि रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या किल्लीवाल्याकडून चौथी किल्ली घासून घेऊन आला. फ्लॉसीने ती दारात उभी राहून दोनदा फिरवून पाहिली. मग तिने ती रोझरीच्या पिशवीत टाकली, पायांत चपला घातल्या आणि दार स्वतःच्या हाताने बाहेरून ओढून घेतले. जाताना ती गात होती.