बसणाऱ्याचं वजन

गवत कापायच्या मशीनचं इंजिन पुन्हा बंद पडलं तेव्हा थोरला मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर होता. पाती घरघरत थांबली. त्याने आधी दोन्ही हात कोटाच्या खिशांवर दाबले, आतले बोल्ट जागेवर आहेत ना ते चाचपलं, मग सीटवर नीट रेटून बसला आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. पुढच्या उंचवट्यावर चाक चढलं, तो सीटवरून जेमतेम इतकासा उडाला आणि मशीन परत गप्प.

त्याने आजूबाजूला पाहिलं. कपडे बदलायच्या खोल्यांपाशी धाकटा कुंपणाची जाळी ताणत उभा होता. हातातली पक्कड तशीच धरून तो इकडेच बघत होता.

या मैदानाची निगा दोघे भाऊ राखत. थोरला मशीनवर बसून गवत कापी, धाकटा मशीनची दुरुस्ती आणि बाकीचं सगळं बघे. त्यांच्या आधी हेच मैदान त्यांच्या वडिलांकडे होतं, पण त्यांच्या काळात गवत हाताने ढकलायच्या यंत्राने कापत. बसायचं मशीन पहिल्यांदा आलं ते भावांच्या वेळी. ते पहिलं मशीन मोठं माजोरी होतं. एकदा त्याच्या तोंडात ओलं गवत अडकलं, धाकट्याने पाती फिरत असतानाच आत हात घातला आणि मधल्या बोटाचं पेर तिथेच ठेवून आला. जिवावरचं बोटावर निभावलं, असं सगळे म्हणाले. थोरला काहीच म्हणाला नव्हता. त्याने ते मशीन भंगारात काढायला लावलं आणि सीटखाली स्विच असलेलं हे नवं मशीन येईपर्यंत तो वडिलांचं जुनं यंत्र ढकलत राहिला.

स्विचचं काम साधं होतं. सीटवर माणसाचं वजन असेपर्यंत मशीन चालायचं. माणूस उठला, घसरला, पडला, की इंजिन आणि पाती दोन्ही थांबायची. थोरल्याचा त्या स्विचवर सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जास्त विश्वास होता. बाकीचे नियम त्याचे स्वतःचे. कापायच्या आधी सगळं मैदान पायी फिरून दगड, तारा, बाटल्या उचलायच्या. बांधाच्या उतारावर वर-खाली उभं कापायचं, आडवं जायचं नाही. इंजिन गार झाल्याशिवाय पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडायचं नाही. मशीनवर दुसऱ्या कुणाला बसवून फिरवायचं नाही. या नियमापायी त्याने स्वतःच्या नातीलाही रडवलं होतं. आणि पात्यांपाशी हात घालायचा असेल तर आधी किल्ली काढायची, प्लगची वायर काढायची, आणि ज्याचा हात आत, किल्ली त्याच्याच खिशात. धाकट्याला हे इतक्या वेळा ऐकवून झालं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी त्याने घडाघडा म्हणून दाखवलं असतं.

"स्विच गेलाय," दुपारी शेडमध्ये मशीन लावता लावता थोरला म्हणाला.

"कालच साफ केला, दादा."

"मग वायर ढिली असेल."

धाकट्याने वायर बघितली. मग तो स्वतःच सीटवर चढला. अंगाने तो चांगला भरलेला होता, सीट करकरली. त्याने इंजिन चालू केलं आणि खाली-वर उसळून पाहिलं. मशीन एका लयीत चालत राहिलं.

"माझ्याखाली चालतंय की."

"तू बसल्यावर बंद पडायची त्याची काय बिशाद!" थोरला म्हणाला, आणि हसताना त्याने पट्ट्याच्या खाली हात घालून पँट वर ओढली.

धाकटा हसला नाही. तो त्या हाताकडे बघत होता.

स्विच गेला नव्हता. काय गेलं होतं हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं. एके काळी तो दारात उभा राहिला की खोलीत अंधार पडायचा. आता त्याच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं होती आणि शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल हलायची. जेवताना चार घासांत पोट भरल्यासारखं वाटे. उन्हाने भूक मेलीय, असं तो बायकोला सांगायचा. ऊन उतरल्यावरही तेच सांगायचा.

त्याला भीती वाटत होती. वडीलही असेच उतरत गेले होते. आधी पट्टा, मग कॉलर, मग अंगठी बोटातून निसटायला लागली. ते स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेले आणि पुन्हा मैदानावर आले नाहीत. त्यामुळे थोरल्याच्या मनाने एक उलटा हिशेब मांडला होता: जोवर आपण तिकडे जात नाही, तोवर काही झालेलं नाही. भल्याभल्यांची अक्कल अशा वेळी गहाण पडते, तशी त्याचीही पडली होती.

खरं तर मशीनवर उपाय होता, आणि तोही त्याला ठाऊक होता. सीट स्प्रिंगांवर बसवलेली होती आणि खाली एक नॉब होता. नॉब फिरवून स्प्रिंगांचा ताण बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावता येई. शेजारच्या पट्टीवर एका टोकाला हलक्या माणसाची खूण, दुसऱ्या टोकाला भारी माणसाची. मशीन आलं त्या दिवशी त्यानेच तो भारी टोकाजवळ लावला होता. आता इतक्या कडक स्प्रिंगांवर तो धड दबतच नव्हता, मग स्विचला तरी कळणार कसं की कुणी बसलंय? नॉब चार आटे सैल केला असता तर प्रश्न मिटला असता. पण तो फिरवायचा म्हणजे आपल्याच हाताने कबुली द्यायची. त्यापेक्षा त्याने खिशात बोल्ट भरले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण मूठ झाकायला बोल्ट लागायला लागले की ती फार दिवस झाकलेली राहत नाही.

"तू असं कर," तो धाकट्याला म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "त्या स्विचला एक तार मार. डायरेक्ट करून टाक. रविवारी सामना आहे, सारखं थांबून कसं चालेल?"

धाकट्याने डाव्या हाताची बोटं फडक्याने पुसली. अर्धवट बोट त्याने जरा जास्तच वेळ पुसलं.

"तार मारू?" त्याने विचारलं.

"मैदान सपाटच तर आहे."

"आणि बांध?"

थोरला शेडच्या दाराकडे वळला. लोकांना सांगावं ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडा पाषाण! त्याला घाम फुटला होता, पण त्याने कोट काढला नाही. "बघ काय जमतं ते," एवढं पुटपुटून तो घरी निघाला.

घरी बायकोने कोट हातात घेतला तसा तिचा हात खाली ओढला गेला.

"अहो, या खिशांत दगड भरून फिरता का? अस्तर परत फाटलंय."

"कामाचे बोल्ट आहेत."

"आणि एवढ्या उकाड्यात कोट?"

"संध्याकाळी गार वारं सुटतं."

तिने एकेक बोल्ट काढून खिडकीच्या कट्ट्यावर मांडला. काढता काढता तिची नजर त्याच्या मनगटावर गेली. घड्याळ सरकून कोपराच्या वाटेला लागलं होतं. सुई-दोरा घेऊन बसली आणि त्याचं ताट अर्धं तसंच राहिलं तेव्हाही मान वर न करता शिवत राहिली.

सकाळी कोट खुंटीवर होता, अस्तर शिवलेलं होतं आणि खिसे रिकामे होते. कट्टाही रिकामा.

"बोल्ट कुठायत?"

"भाऊजी पहाटे येऊन घेऊन गेले. म्हणाले, मशीनचे आहेत, मशीनला लागतील."

थोरला मैदानापर्यंत गेला तो पाय ओढत. शेडमध्ये मशीन धुऊन-पुसून उभं होतं. धाकटा कुठे दिसत नव्हता. त्याने सवयीने तेलाची पट्टी काढून बघितली, चाकांतली हवा दाबून बघितली, मैदान पायी फिरून एक फुटकी बाटली उचलली. आणखी टाळण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो सीटवर बसला आणि किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं. टाकीजवळच्या वळणावर त्याने श्वास रोखून धरला. उंचवटा आला, मशीन उसळलं, तोही उसळला, आणि इंजिन चालूच राहिलं.

मारली. धाकट्याने खरंच तार मारली. आपणच सांगितलं होतं, तरी त्याला त्या क्षणी भावाचा असा राग आला की कानाखाली वाजवली असती. सपाट जागी येऊन त्याने मशीन उभं केलं, पाय फळीवर घट्ट रोवले, स्टिअरिंग पकडलं आणि बूड सीटवरून उचललं.

इंजिन बंद पडलं. तो बसला, किल्ली फिरवली. चालू. पुन्हा उठला. बंद.

तार नव्हती. स्विच चोख काम करत होता. म्हणजे स्विचच बिघडला होता आणि धाकट्याने तो नीट केला! म्हणजे मशीनचाच दोष! थोरल्याला एकदम मोठ्याने हसू आलं. एवढ्या मोठ्या मैदानात एकटाच हसला. सीट आज जरा मऊ वाटत होती, हे त्याला जाणवलं होतं. पण माणसाला जे नको असतं ते नेमकं त्याच्या नजरेआड राहतं.

दिवसभर त्याने झपाटल्यासारखं गवत कापलं. बांधावर उभे पट्टे पाडले. दुपारी डबा उघडून नेहमीपेक्षा दोन घास जास्त खाल्ले आणि बळेच आणखी दोन. तेवढ्यात सामन्याची व्यवस्था बघणारे सेक्रेटरी येऊन गेले. "हिरवळ झकास दिसतेय," ते म्हणाले. "दिसणारच," थोरला म्हणाला, "मशीनला थोडा ताप आला होता, उतरला." सेक्रेटरी गेल्यावरही तो मनाशी ते वाक्य परत म्हणून खूश होत राहिला.

संध्याकाळी शेडमध्ये त्याने मशीन गार होऊ दिलं. किल्ली खिशात टाकली, प्लगची वायर काढली आणि पात्यांवरच्या पत्र्याला आतून चिकटलेलं गवत लाकडी पट्टीने खरवडून काढलं. मग बॅटरी पुसावी म्हणून सीट उचलून मागे टेकवली.

नॉब हलक्या माणसाच्या खुणेपर्यंत सरकवलेला होता. आट्यांवर नवं ग्रीस होतं. आणि जुन्या जागी, भारी टोकाजवळ, पट्टीवर एक बारीक पांढरी रेघ ओढलेली होती. सीमारेषा आखायचा मैदानाचाच रंग. त्याने अंगठा लावला तर अंगठ्याला पांढरं लागलं.

तो तसाच वाकून उभा राहिला. मागे पावलं वाजली. ती ओळखायला त्याला वळावं लागलं नाही.

"कधी फिरवलास?" त्याने विचारलं.

"सकाळी. रेघ आत्ता काढली, मशीन गार होत होतं आणि तू टाकीवर हात धुवायला गेलास तेव्हा."

"तार का नाही मारलीस?"

"तूच मला हाकललं असतंस." धाकटा पुढे आला आणि मशीनच्या पलीकडे उभा राहिला. "मशीन बसणाऱ्याप्रमाणे लावायचं असतं. तूच म्हणतोस."

"कळलं होतं तर बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो. वहिनीपण थांबली होती." तो जरा घुटमळला. "फार दिवस थांबलो, दादा."

थोरल्याने सीटची कड धरली.

"बाबा परत आले नव्हते."

"बाबांना उशीर झाला होता. त्यांचं यंत्र ढकलायचं होतं. त्याला कुठे सीट होती सांगायला?"

बाहेर टाकीत पाणी पडायला सुरुवात झाली. थोरला पुन्हा खाली वाकला.

"आणि ही रेघ कशाला ओढलीस?"

"जुनी जागा आहे ती. तू परत भरलास की नॉब तिथेच आणायचाय. मग अंदाजपंचे शोधत कोण बसेल?"

थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने पुसलं नाही. हात गवताने माखलेले होते.

"दवाखाना किती वाजता उघडतो?" तो म्हणाला.

"लवकर. वहिनीने नंबर लावून ठेवलाय."

त्याने मान हलवली. मग खिशातून किल्ली काढली, क्षणभर तळहातावर धरली आणि मशीनच्या वरून धाकट्याच्या हातात दिली.

"उद्या टाकीमागचा तुकडा राहिलाय. आधी पायी फिरून ये. तिथे पोरं बाटल्या टाकतात."

"माहितीये."

"आणि बसायच्या आधी नॉब तुझ्या वजनावर घे. असाच बसलास तर स्प्रिंगा पार बसतील."

"घेईन."

थोरला दारापर्यंत गेला आणि थांबून वळला.

"रेघेला तेवढा हात लावू नकोस," तो म्हणाला. "ओली आहे अजून."