दहा लाख एक

नारायणगुड्यातल्या एका शाळेत चतुराबाईंनी एकतीस वर्षं आया म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी दहावीचा फॉर्म भरला आणि दर रविवारी गौलीगुड्याच्या बुद्धविहारात प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागल्या. बँकेत नोकरी करणारे धम्मानंद सर तिथं गणित शिकवत. वयानं ते चतुराबाईंच्या मुलाएवढे.

एका रविवारी सरांनी फळ्यावर १०००००१ लिहिलं.

"दहा लाख एक. शंभराच्या आत पंचवीस मूळ संख्या आहेत. त्यांतल्या एकीनंही हिला भाग जात नाही. म्हणजे हीसुद्धा मूळ संख्या. घरी करून बघा."

बाकीच्यांनी उतरवून घेतलं. चतुराबाईंनी खरंच करून बघितलं. रोज दुपारी भांडी आवरली की चार-पाच भागाकार. शनिवारी सत्त्याण्णवचा झाला, अठ्ठावीस उरले. पंचवीस संपल्या, पण हात थांबेना. त्यांनी पुढची मूळ संख्या घेतली, एकशे एक.

बाकी शून्य.

त्यांनी तीनदा मांडून पाहिलं. मग उलटा गुणाकार केला. एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक, बरोबर दहा लाख एक.

नवरा किशनराव आबिड्सच्या बाजारातल्या रखवालीच्या ड्युटीवरून आला, तर ही वहीत तोच गुणाकार पुन्हा मांडत बसलेली.

"एवढी परेशान कायको?"

"सरांचं चुकलंय वाटतं."

"मग सांग की."

"म्या? सरांला?"

"आकडा ना तुझा, ना सरांचा. बरोबर असंल तर कुणीबी सांगावं."

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटता सुटता त्या उठल्या आणि खडू मागून घेतला. आकडे वेडेवाकडे आले. सरांनी गुणाकार तपासला, पुन्हा तपासला.

"मावशी, मी शंभरावरच थांबलो. हजार गुणिले हजार म्हणजे दहा लाख, तेव्हा हजारापर्यंत जायला हवं होतं." त्यांनी स्वतःच फळ्यावर 'संयुक्त संख्या' असं लिहिलं. "आता हा नऊ हजार नऊशे एक मूळ आहे का, ते बघायचं. शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा हजार, हा त्याहून लहान. म्हणून शंभराच्या आतल्याच पंचवीस तपासायच्या. पुढच्या रविवारी करून आणा."

चतुराबाई जागेवर गेल्या नाहीत. फळ्याकडं बघत राहिल्या.

"करायची गरज न्हाई, सर."

"का?"

"त्या पंचवीसांतल्या एकीनं जरी ह्याला भाग गेला असता, तर दहा लाख एकालाबी गेला असता. हा त्याचाच तुकडा हाय ना? त्याला तर गेला न्हाई. म्या आठवडाभर केलंय."

सर मागच्या बाकावर जाऊन बसले.

"मावशी, हे पुन्हा एकदा सावकाश सांगा. सगळ्यांना कळू द्या."

चतुराबाईंनी पदर खोचला, फळा पुसला आणि वरच्या टोकापासून मांडायला सुरुवात केली. या वेळी आकडे सरळ ओळीत येत होते.