अर्धा जज

देओलिंडा आव्हिलाचा माणसांवर विश्वास नव्हता, हसऱ्या माणसांवर तर मुळीच नव्हता. कोर्टाबाहेर तुरुंगवाल्यांचा वकील तिच्याकडे पाहून हसला, तशी तिने नेलियोला कोपराने ढोसलं.

"हा का खूश आहे रे? नवा जज ह्यांनीच आणलाय."

"वॉशिंग्टनने आणलाय, दोना देओलिंडा. खटले तुंबले म्हणून जागा वाढवल्या." नेलियो बोर्बा तिचा वकील. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून कॅलिफोर्नियात आलेल्या त्यांच्याच लोकांतला, तिच्या गोठ्यातल्या दुधावर वाढलेला.

तिचा मुलगा ज्यो काउंटीच्या तुरुंगात इन्सुलिनवाचून गेला होता. त्या रात्री कोठडीबाहेर हालसी नावाचा शिपाई होता. ज्योने हाका मारल्या होत्या का, एवढंच त्याने तिच्यासमोर सांगायला हवं होतं. वकिलांनी त्याची जबानी कधीच लिहून घेतली होती, पण ती वाचायला तिने साफ नकार दिला. कागदावर कोणीही काहीही लिहील. साक्षीला उभा राहिला की त्याच्या डोळ्यांत बघेन, म्हणाली.

पण फेडरल कोर्टात फौजदारी खटले आधी. तिने तुरुंगावर लावला होता तसे भरपाईचे दावे वर्षानुवर्षं मागे पडत. सुरुवातीच्या तारखा चालवणारा, कोर्टानेच नेमलेला मॅजिस्ट्रेट जज मोकळा होता. दोन्ही पक्षांनी संमती दिली, तर तो लगेच खटला चालवणार होता. समोरचा वकील चटकन तयार झाला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

"राष्ट्राध्यक्षाने न नेमलेला म्हणजे अर्धा जज. माझ्या पोरासाठी मला अख्खा हवा."

नेलियोने परोपरीने समजावलं. कोर्टाने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा नाही म्हटलं. गेल्या हिवाळ्यात हालसी कॅन्सरने गेला.

आता पुकारा झाला, सगळे उभे राहिले. नवा जज आत आला. देओलिंडाने चष्मा पुसला, पुन्हा लावला. सुरुवातीच्या तारखांना बसायचा तोच मॅजिस्ट्रेट, ओडेगार्ड.

"हा तर तुझा अर्धा जज."

"बढती मिळाली त्याला."

"ठाऊक होतं तुला? मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर आला असता तुम्ही?"

ओडेगार्ड दोन्ही बाजूंना सारखाच दरडावत होता. दुपारी त्याने ज्युरीला सांगितलं की साक्षीदार हयात नाही, त्याची जबानी वाचली जाईल. कोर्टाच्या रिवाजाप्रमाणे नेलियोच्या ऑफिसातली एक मुलगी साक्षीदाराच्या खुर्चीत जाऊन बसली. नेलियोने प्रश्न वाचायचा, तिने हालसीचं उत्तर.

"कैद्याने हाका मारल्या का?"

"मला काही ऐकू आलं नाही," मुलीने वाचलं.

देओलिंडा पुढे झुकली. हालसी खोटं बोलत असता तर तिला नक्की कळलं असतं. माणसं ओळखण्यात तिचा हात कोणी धरला नसता. ती मुलीच्या डोळ्यांत बघत राहिली. मुलीने बोट ओलं करून पान उलटलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागली.

"परत विचार," देओलिंडा पुटपुटली.

नेलियोने पुढचा प्रश्न वाचला.