एकदाच बांधायची भट्टी

पणजीने बेकरीची भट्टी बांधवून घेतली, आजीने गिऱ्हाईक जोडले आणि आईने शिरस्ता घालून दिला: कामाची जागा सकाळी जशी होती तशीच संध्याकाळी दिसली पाहिजे. चौथ्या पिढीत कारभार थोरलीकडे आला आणि तिने त्यात तसूभरही फरक पडू दिला नाही. रोज पीठ मळायचे, रोज पाव भाजायचे, रोज फरशी घासायची.

आईच्या काळात एकदा ही भट्टी ढासळली होती. तेव्हा समोरच्या बेकरीवाल्या काकांनी अख्खा हिवाळा आपली भट्टी वापरू दिली आणि बदल्यात काही घेतले नाही. ते ऋण मनात ठेवूनच आई गेली. आता काकांचीच भट्टी कोसळली होती. महिनाअखेरपर्यंत नवी पेटली नाही, तर घरमालक दुकान दुसऱ्याला देणार होता.

"काका, भट्टी मी बांधून देते," थोरलीने सांगून टाकले आणि आपली माणसे पाळ्या लावून कामाला जुंपली.

गवंडी खडूने आखणी करी, विटांचा थर मांडी. दुसऱ्या सकाळी पाहावे तो फरशी लखलखीत आणि विटा भिंतीशी रचलेल्या. पुन्हा आखणी, पुन्हा थर, पुन्हा लख्ख फरशी. माणसे घाम गाळतात आणि काम जागचे हलत नाही, हे पाहून थोरली चक्रावली. तिने गवंड्याला धारेवर धरले.

"मी रोज मांडतो, बाई. माझ्यामागं कोण उचलतं, ते तुमचं तुम्ही बघा."

संध्याकाळच्या पाळीचा माणूस, ज्याला सगळे चकाचक म्हणत, छाती फुगवून पुढे आला. "मीच उचलतो. पसारा ठेवला असता तर तुम्ही मला सोडलं असतं?"

थोरलीला त्याच्यावर रागावताही येईना. शिरस्ता तिच्याच घरचा होता.

बांधकामांवर देखरेख करणारी तिची सून हसू दाबत म्हणाली, "आई, तुम्ही भट्टीसुद्धा पावासारखी करायला घेतलीत. पाव रोज नवा. हे काम एकदाच व्हायचं, कालच्यावर आजचं चढायला हवं. आधी शेवट ठरवा आणि तिथून मागं मोजत या."

"शेवट? कामाला कधी शेवट असतो का?"

"ह्याला असतो. भट्टी पेटली, काकांच्या ताब्यात दिली, की संपलं."

"आणि मग मी काय करायचं?"

"घरी यायचं."

थोरलीला ते अर्धेमुर्धेच उमजले. तरी तिने चकाचकला काकांच्या उंबऱ्याबाहेर ठेवले. मग मात्र थरावर थर चढला, घुमट वळला, मंद आचेवर ओल सुकली. महिना सरण्याआधी काकांनी पाव भाजले आणि घरमालक आल्या पावली परत गेला.

दुसऱ्या सकाळी थोरली बाह्या सरसावून तिथे पुन्हा हजर.

"आता काय काढलंस, पोरी?" काकांनी विचारले.

"कामावर आले."

"इथलं काम संपलं."

"संपलं म्हणजे? आज कुणी करायचं?"

"आजचं माझं मी करीन. तुझं रोजचं तिकडे आहे, तिकडे जा."

थोरली दारातच घुटमळली. केलेले काम मागे ठेवून निघून जायचे कसे, हे तिला घरात कोणी शिकवले नव्हते. काकांनी तिला हाताला धरून रस्त्यापर्यंत आणले.

"मी एक हिवाळा दिला होता, तू भट्टीच दिलीस. तुझ्या आईकडे माझं आता काही उरलं नाही. सगळं फिटलं."