बिनचेहऱ्याची आई

तिला सगळे रेडिओ म्हणत, आणि नेमकी तिलाच नोकरी मिळाली ती तोंडाला कुलूप लावून करायची. क्रौंच पक्ष्यांची अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि मोठी झाली की पाणथळीत सोडून द्यायची, असं ते केंद्र होतं. या पिल्लांची खोड अशी, की अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही दिवसांत जो ऊब देईल, भरवील, त्यालाच ती आई समजतात. ती समजूत मग जन्मभर जात नाही. माणसाला आई मानलेलं पिल्लू पुढे जोडीदारही माणसांतच शोधत बसतं. म्हणून तिथल्या बायका नखशिखांत पांढरा झगा घालत, तोंडावर जाळी ओढत आणि हातात क्रौंचाचं लाकडी डोकं धरून त्याच्या चोचीने घास भरवत. बोलायचं तर नावच नको. दिवसभर तुंबलेलं सगळं रेडिओ घरी जाऊन सासूबाईंच्या कानात ओतायची. पिल्लं सुटली, मी सापडले, असं सासूबाई म्हणत.

त्या मोसमातलं शेवटचं पिल्लू अगदीच किरकोळ निघालं. तिचं नाव पडलं बारकी. दुसऱ्याच दिवशी भरवताना बारकीच्या घशात किडा अडकला. मान वाकडी झाली, ती पाय झाडायला लागली. जाळीतून घशातलं धड दिसेना. रेडिओने जाळी मागे फेकली, चिमट्याने किडा ओढून काढला आणि त्या गडबडीत तोंडातून निघून गेलं, "श्वास घे गं बाळा, घे श्वास."

बारकीने श्वास घेतला. डोळे उघडले आणि समोरच्या उघड्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. रेडिओने झटकन जाळी पुन्हा तोंडावर ओढली.

ती तडक केंद्राच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि घडलं ते सगळं सांगून मोकळी झाली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, उलट पिल्लू जगलं हे चांगलंच झालं म्हणाल्या. पण मनावर ठसा उमटला की नाही, ते सोडण्याआधीच्या परीक्षेतच कळणार होतं. परीक्षा साधी होती. झगा न घालता माणूस आत जातो. जो पक्षी पळतो तो सुटतो, आणि जो जवळ येतो तो कायमचा पिंजऱ्यात राहतो.

तेव्हापासून रेडिओचा जीव टांगणीला लागला. बारकी मजेत झग्यामागे तुरुतुरु फिरायची, पण तिने जाळीकडे नुसती मान वळवली तरी ही घाईने पाठ फिरवायची. ओळखलंन् वाटतं मला, असं घरी जाऊन दहादा सांगायची. जेवणावरची वासनाच उडाली होती.

परीक्षेच्या सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत तुम्हीच जा. तिने पाहिलेला चेहरा तुमचा, ऐकलेला आवाजही तुमचाच."

रेडिओ घरच्या साध्या कपड्यांत फाटकातून आत शिरली. बाकीचे पक्षी तिला बघताच पसार झाले. बारकी तेवढी उभी राहिली. एव्हाना ती रेडिओच्या छातीएवढी झाली होती. मान तिरकी करून एका डोळ्याने निरखत होती. बाहेरून डॉक्टरीणबाईंनी बोलण्याची खूण केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा रेडिओला शब्द सुचेनात.

"ये गं बाळा," ती कशीबशी म्हणाली. "ये माझ्याकडे."

इतकं मनाविरुद्ध ती कधी कुणाशी बोलली नव्हती. येऊ नकोस, येऊ नकोस, असा आत नुसता धोशा चालला होता. बारकीने एक पाऊल पुढे टाकलं. रेडिओने डोळे गच्च मिटून घेतले.

कर्कश ओरडणं ऐकून तिने डोळे उघडले. पंख फडफडवत, चिखल उडवत बारकी पळत सुटली होती. पार पलीकडच्या लव्हाळ्यात घुसली आणि तिथूनही वैऱ्याला पाहिल्यासारखी ओरडत राहिली.

रेडिओचा जीव भांड्यात पडला. ती मटकन खाली बसली आणि रडता रडता हसायला लागली. एका नजरेने कुणी आई होत नसतं, डॉक्टरीणबाई फाटकाशी येऊन म्हणाल्या, रोज घास आणि ऊब जिथून मिळाली तीच तिची आई. बारकी पास झाली होती. उद्या सुटणार होती.

"चला, या आता बाहेर."

रेडिओ जागची हलली नाही. पदराने डोळे पुसत तिने लव्हाळ्याकडे पाहिलं.

"डॉक्टर, अजून एकदा हाक मारू? नीट बघितलंच नाही हो मी तिला पळताना."